खड्ड्यातली हवा

जर्मनी, ९ नोव्हेंबर १९९७

नमू,

पोचलो. खोकी माझ्या आधी पोचली होती. तू आणि सरिताने ओवलेल्या तारांपैकी एकही तुटलेली नाही, हे आधी सांगतो. इथल्या माणसांनी झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, हे कुठल्या यंत्रावर ओवलं? मी म्हटलं, वाशिंदच्या दोन बायांनी हाताने.

आता अडचण. तुमच्या तारांचे चेंबर चौकटीत बसवले, गॅस सोडला, व्होल्टेज दिलं, पण तारांवर येणारे विजेचे ठोके फार मंद आहेत. कण गॅसमधून गेला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेकडे सरकतात. ते वाटेतच गायब होताहेत. मला वाटतं कुठल्यातरी सांध्यातून बाहेरची हवा आत शिरते आहे आणि हवेतला ऑक्सिजन त्यांना खातोय. पण हे मोजून दाखवायला ऑक्सिजन मीटर पाहिजे. इथे एकच आहे आणि पाच देशांचे लोक त्यासाठी रांगेत.

आपल्या संस्थेच्या वाशिंदच्या शेडमधला मीटर पुढच्या खोक्यातून पाठवायला सांग. केळशीकर साहेबांना मी वेगळं कळवलंय. पंधरा दिवसांत काम संपवून परत पाठवतो. रघू कुरकुर करेल. माझा शाळेतला दोस्त आहे, त्याला मी ओळखतो. आता तुझा नवरा आहे तेव्हा तूच समजाव.

इथे चार वाजता अंधार पडतो. भात मिळतो, पण चिकट.

ओमकार

•

वाशिंद, ३० नोव्हेंबर १९९७

दादा,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. जेवण झाल्यावर म्हणाले, "मीटर दिला तर मी खड्ड्यात कसा उतरू?"

तुला माहीतच आहे, चेंबर तपासायची चौकट त्या जुन्या यंत्राच्या खड्ड्यात उभी आहे. चेंबरमध्ये सोडायचा आर्गन वायू हवेपेक्षा जड. नळी कुठं निसटली तर तो खाली साचून बसतो, वास नाही, रंग नाही. म्हणून रोज सकाळी मीटर दोरीला बांधून आधी खाली सोडायचा, काटा ठीक दिसला की मग शिडीला पाय लावायचा, असा ह्यांचा नेम. मी सांगितलं, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, दादाचं तिकडं अडलंय. तेव्हा म्हणाले, "साहेबांनी लेखी सांगू दे." साहेब हसले आणि तोंडीच सांगितलं. मीच मीटर फोममध्ये गुंडाळून खोक्यात ठेवला, वरून माझी एक जुनी साडी.

मग ह्यांनी काय केलं, घरचा कंदील आणला. विहिरीत उतरताना आपल्याकडं सोडतात तसा सोडायला. साहेब खूप ओरडले. गॅसमध्ये थोडा पेट घेणारा भाग असतो, शेड उडवतोस का म्हणाले. ते पण खरंच. आता एक पंखा बसवलाय, तासभर फिरवायचा आणि उतरायचं.

मागच्या रविवारी वाडीवर गेलो होतो. सासूबाईंनी विचारलं, तुमी दोघं तितं करता तरी काय? मी म्हटलं, आभाळातून सारखे बारीक कण पडत असतात, तुमच्या-माझ्या अंगातून जातात, कळत नाहीत. ते पेटीतून गेले की तारेला कळतं. किती वेळानं कळलं त्यावरून तो किती लांबून गेला ते काढायचं. त्या म्हणाल्या, "दिसत नाय त्याला मोजता व्हय गो." आणि ह्यांच्याकडे बघून हसल्या. ह्यांचा निरोप आहे : पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस.

तुझी नमू

•

जर्मनी, ३ जानेवारी १९९८

नमू,

सापडलं. तुझी साडी सोडवून मीटर लावला आणि दुपारपर्यंत सापडलं. तिसऱ्या चेंबरच्या कोपऱ्यात, इथल्या माणसाने बसवलेली रबरी कडी वाकडी होती. ती बदलल्यावर ठोके असे स्वच्छ आले की मी जागेवरून उठलो. इलेक्ट्रॉन सरकायचा वेगही हिशोबाला बसला. प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. नमू, मुरबाडच्या शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्याचं नाव.

आता बाकीचे चेंबरही याच मीटरवर तपासून घ्यावेत असं ठरलंय. म्हणजे तो अजून थोडे दिवस लागेल. रघूला सांग, दोस्ताखातर. साहेबांची हरकत नाही, मी विचारलं. आणि शेवटचे चार चेंबर लवकर तपासून पाठवा. मार्चच्या शेवटी इथली चौकट बंद होणार, मग आत काही बसवता येणार नाही.

ओमकार

•

वाशिंद, २६ जानेवारी १९९८

दादा,

तुझं कौतुक वाचून बरं वाटलं. ह्यांनी पेढे आणले.

शेडमध्ये फार घाई चालू आहे. साहेब दिवसातून तीनदा येऊन विचारतात, झालं का. परवा ह्यांना खड्ड्यातून वर येताना चक्कर आली. शिडीवरच बसून राहिले. सकाळपासून उपाशी होते, त्यानं झालं असेल. मी आता डबा आधी खायला लावते.

मीटर कधी येईल ते नक्की लिही. ह्यांनी साहेबांकडे पुन्हा मागितला. साहेब म्हणाले, ओमकारला विचारा. म्हणून विचारते.

बाकी सगळं ठीक.

नमू

•

जर्मनी, २० फेब्रुवारी १९९८

नमू,

घाईत लिहितोय. मीटर मार्चअखेर नक्की. रघूला दोन भाकऱ्या जास्त वाढ, म्हणजे चक्कर येणार नाही. शाळेत पण प्रार्थनेला उभा राहिला की पडायचा.

चार चेंबरांपैकी दोन आले, छान आहेत. उरलेले दोन लवकर.

ओमकार

•

जर्मनी, १९ मार्च १९९८

नमू,

काय लिहू. साहेबांची ई-मेल काल वाचली. आधी वाटलं दुसऱ्या कुणाबद्दल आहे. हृदय बंद पडलं लिहिलंय. या वयात? रघूला कधी साधा ताप आलेला मला आठवत नाही.

मी लगेच निघतो म्हणालो, तर साहेबांनी कळवलं की तू पोचेपर्यंत सगळे विधी होऊन गेले असतील, इथलं काम सोडू नकोस. ते ऐकून मी थांबलो. बरोबर केलं की नाही मला कळत नाही. वाडीवर फोन नाही, दुकानात निरोप ठेवला होता, तो मिळाला का?

रघूच्या आईला, गुणामावशींना, कसं तोंड दाखवू. लहानपणी त्यांच्या घरात मी आपल्या घरापेक्षा जास्त जेवलोय. तू कशी आहेस, दोन ओळी तरी लिही.

दादा

•

सिद्धगडाखालची वाडी, ता. मुरबाड, ८ एप्रिल १९९८

दादा,

निरोप मिळाला होता. लिहायला हात उचलत नव्हता.

हृदय बंद पडलं ते सगळ्यांचंच शेवटी पडतं. काय झालं ते मी सांगते.

सकाळी लाईट गेली होती. पंखा बंद. गॅसला लाईट लागत नाही, तो चालूच होता. खाली एक नळी निसटली होती, ती नंतर कळली. दुपारी लाईट आली. ह्यांनी पंख्याचं बटण दाबलं आणि काठावर उभे राहिले. मी आणि सरिता शेजारच्या खोलीत तार ओवत होतो, दार उघडं होतं. साहेब आले. "रघू, अजून वरच? आज मोजणी लागली नाही तर खोकं चुकेल."

हे म्हणाले, "थोडा टाइम फिरू द्या, सायब."

"फिरतोय की पंखा."

मग शिडीचा आवाज आला. आणि पाना खाली पडल्याचा. मला वाटलं हातातून सुटला. मी हाक मारली. पुन्हा मारली. उठून गेले तर हे खाली चौकटीला टेकून बसलेले, विश्रांतीला बसावं तसे. मी शिडीवर पाय टाकला तर सरितानं मागून माझे केस धरले. मी तिला चावले दादा, तरी तिनं सोडलं नाही. "तू उतरलीस तर तुला कोन काढील?" हेच सारखं म्हणत होती. गॅस बंद करून, तोंडाला ओला फडका बांधून साईनाथ वॉचमन उतरला, त्यालाही वर ओढावं लागलं. शेवटी लांब आकडीनं ह्यांचा शर्ट पकडून वर घेतलं. शहापूरच्या दवाखान्यात नेलं ते नुसतं न्यायचं म्हणून.

डॉक्टरांनी श्वास कोंडल्याचं लिहिलंय. साहेबांनी तुला वेगळं का कळवलं ते त्यांना विचार.

त्या दिवशी उपाशी नव्हते. जानेवारीतली चक्कर पण उपासाची नव्हती, ते मला आता कळतं. तुला तिकडं तेव्हाच कळायला हवं होतं. तू शिकलेला. गॅसमध्ये किती हवा शिरली ते तू केसाएवढं मोजत होतास आणि हवेत किती गॅस शिरला हे इथं मोजायला काही नव्हतं.

वाडीवर लोक म्हणतात पिऊन उतरला. शेडमधूनच कुणी सांगितलं म्हणे. सासूबाई ऐकतात. मला विचारत नाहीत, आणि मीही त्यांना मीटरचं सांगितलेलं नाही. कसं सांगू, तो माझ्या भावाकडे होता म्हणून?

नमू

•

जर्मनी, २४ एप्रिल १९९८

नमू,

तुझं पत्र सकाळी आलं. मी कामावर गेलो नाही.

चौकशी नेमली आहे असं कळलं. आज मी चौकशी समितीला पत्र पाठवलं, संस्थेच्या संचालकांनाही. त्यात लिहिलं की मीटर माझ्या मागणीवरून नोव्हेंबरात शेडमधून निघाला; रघूने तो द्यायला नाही म्हटलं होतं; नंतर त्याने तो परत मागितला, तू मला तसं लिहिलंस, आणि मी परत पाठवला नाही. उतरताना हवा तपासायला त्याच्याजवळ काही नव्हतं, ही त्याची चूक नव्हती. तुझ्या पत्रांच्या नकला जोडल्या. या पत्रासोबत माझ्या पत्राची प्रत तुला पाठवतोय. गुणामावशींना वाचून दाखव.

चक्कर आली हे तू लिहिलंस आणि मी भाकऱ्यांची थट्टा केली. तेव्हा मी दुसरंच काहीतरी बघत होतो. माफी मागत नाही, मागायची लाज वाटते.

मीटर आज विमानाने परत पाठवलाय. त्याचा आता काय उपयोग ते मला माहीत आहे.

ओमकार

•

वाडी, २५ एप्रिल १९९८

दादा,

मागच्या पत्रात मी फार तोडून लिहिलं. ते वाचून तू काही करून बसू नयेस म्हणून हे लिहिते.

परवा साहेब जीप घेऊन आले होते. चौकशीचा कागद टाईप करून आणलेला. मीटर शेडच्या कपाटात होता, मृताने तो न वापरता नियम मोडून प्रवेश केला, असं त्यात. मी म्हटलं, हे खोटं आहे. साहेब म्हणाले, "खरं लिहिलं तर आधी ओमकार जाईल. त्याने मागवला, तुम्ही पाठवला. तुम्ही पण जाल. गेलेला माणूस परत येणार आहे का?"

मी सही केली. आपल्याला आईबाप नाहीत दादा, तूच आहेस. एक गेला, दुसरा तरी जागेवर राहू दे असं तेव्हा वाटलं.

सहीच्या वर "मी, कै. रघुनाथ यांची पत्नी" असं हातानं लिहायला सांगितलं. लग्न झाल्यापासून मी ह्यांचं नाव कधी कागदावर लिहिलं नव्हतं. पहिल्यांदा लिहिलं ते असं.

सासूबाईंना वाटतंय पैशाअडक्याचा काही कागद होता. तू आता कुणाला काही लिहू नकोस. काम कर.

नमू

•

वाडी, १७ मे १९९८

दादा,

तुझं पत्र आलं. तारीख बघितली. तू लिहिलंस त्याच्या आदल्या दिवशी मी सही केलेली. पोस्टमन थोडा आधी आला असता तरी काही झालं नसतं, पत्र तर तू लिहिलंच नव्हतंस. तरी त्याच्यावर राग आला.

चार दिवस ते पत्र तसंच ठेवलं. मग सासूबाई पावसाआधी गोवऱ्या आत भरत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि वाचलं. भाकऱ्यांची ओळ सोडून सगळं. तुझी प्रत पण.

त्या म्हणाल्या, "परत वाच."

परत वाचलं.

"म्हंजे त्यानं देऊ नका म्हनलं व्हतं."

"हो."

"मंग परत मागितला पन व्हता."

"हो."

"पिऊन नव्हता."

"नाही. त्या दिवशी माझ्यासमोर जेवले, मग कामाला लागले."

त्या गोवऱ्या एकावर एक रचत राहिल्या. मग मीच सांगितलं की मी सही केली आहे, त्यात काय लिहिलंय आणि कशासाठी केली. वाटलं घराबाहेर काढतील. काढलं असतं तर मी गेले असते.

त्या म्हणाल्या, "माला भाव असता तं मी पन केली असती." आणि थोड्या वेळानं, "पन गो, ती सही मोडून ये. वाडीत त्याचं नाव घेताना लोक हसतात. माला ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वाशिंदला गेलो. त्या आयुष्यात पहिल्यांदा शेडमध्ये आल्या. खड्डा बघायचा म्हणाल्या. त्यावर आता जाळी टाकलीय. काठावर उभ्या राहून बघितला. "एवढाच," म्हणाल्या. मला वाटतं त्यांच्या मनात तो विहिरीएवढा खोल होता.

साहेबांना मी सांगितलं की माझा जबाब खोटा आहे, दुसरा लिहून आणलाय. सरितानंही त्यावर सही केली आहे, जे ऐकलं ते सगळं लिहून. साहेब समजावत राहिले. चौकशी मिटली आहे, तुम्हाला कायम नोकरी लावायचं ठरलंय, ओमकारच्या पत्राचं मी बघून घेतो, भावनेच्या भरात लिहिलंय त्याने. मी कागद पुढे धरून उभी होते. त्यांनी तो न वाचता घेतला आणि टेबलावरच्या काचेच्या गोळ्याखाली ठेवला. मग आम्ही त्याच्या नकला टपालानं संचालकांना आणि समितीला पाठवल्या.

परत येताना मुरबाडच्या स्टँडवर सासूबाईंनी चहा घेतला. हे गेल्यापासून त्यांनी बाहेर काही तोंडात घातलं नव्हतं.

दादा, तुझी नोकरी आता राहणार नाही. ते मी जाणून केलंय.

नमू

•

जर्मनी, २० जून १९९८

नमू,

योग्य केलंस. संस्थेने मला परत बोलावलंय, आणि परत आल्यावर घेणार नाहीत हेही कळवलंय. इथल्या प्राध्यापकांना मी स्वतः सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, दुसरा मीटर माझ्याकडे का नाही मागितलास, विकत घेता आला असता. मला सुचलंच नाही. हाताशी होता तो मागवला.

मागच्या आठवड्यात पहिल्यांदा यंत्रातून कण सोडले. रघूने सांधे बसवलेल्या चेंबरमधून गेलेला माग पडद्यावर आला, सरळ रेघ, एकही ठिपका गळलेला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो.

जुलैच्या शेवटी निघतो. वाडीवर यावं की नाही ते तू सांग. नको म्हणालीस तर शहापूरला खोली बघेन. क्लासमध्ये विज्ञान शिकवता येईल.

ओमकार

•

वाडी, ८ जुलै १९९८

दादा,

समितीचा दुसरा कागद आला. "खड्ड्यातील हवा तपासण्याचे साधन घटनेच्या दिवशी शेडमध्ये उपलब्ध नव्हते. मृताकडून नियमभंग अथवा मद्यसेवन झाल्याचे आढळून येत नाही." बाकी पान भरून आहे, पण आपल्या कामाचं एवढंच. साहेबांना मुंबईला बोलावून घेतलंय, शिक्षा म्हणून की काय ते कुणी सांगत नाही. सरिताला आणि मला काढलं. शेड बंद होतेय, चेंबर सगळे गेलेच आहेत.

सासूबाईंनी मला रेशन दुकानासमोर उभं करून तेवढी दोन वाक्यं मोठ्यानं वाचायला लावली. लोक रांगेत होते. एकानं टोपी काढली. पिऊन उतरला असं आधी तोच म्हणाला होता.

मी सध्या भातलावणीला जाते. बोटं तारेला सरावलेली, चिखलात कामाची नाहीत असं बाया म्हणतात, पण जमतंय.

तू वाडीवर ये. कल्याणहून मुरबाडची एसटी धर, पुढं जीप मिळते. काही आणू नकोस. सासूबाई ओटीवर असतील. पाया पडायला लगेच वाकू नकोस, त्यांनी हात पुढे केला तरच वाक. त्या तुला विचारतील कसं झालं. मी सगळं सांगितलंय, तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय म्हणतात. त्या बोलत असतील तेव्हा मधे बोलू नकोस. घाईत होतास हे सांग. भाकरीची थट्टा केलीस ते पण सांग, ते मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही.

त्या रडल्या तर रडू दे. शिव्या दिल्या तर ऐकून घे.

मी आत चुलीजवळ असेन. मला हाक मारू नकोस. मला बाहेर यावंसं वाटेल तेव्हा मी येईन.

नमू